भाचीला कायरोप्रॅक्टिक शिकायला टोरंटोला जायचंय, परत आली तर मुंबईत लायसन्स कुणाचं?

माधवी_मुलुंड

नमस्कार मंडळी, जरा सल्ला हवाय.

माझ्या मोठ्या बहिणीची मुलगी बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला आहे, परीक्षा झाली की इंटर्नशिप. गेलं वर्षभर तिने कायरोप्रॅक्टिकचा, म्हणजे हाताने झटका देऊन मणका-सांध्यांवर उपचार करायच्या पद्धतीचा, ध्यास घेतलाय. टोरंटोचं कॅनेडियन मेमोरियल कायरोप्रॅक्टिक कॉलेज आहे ना, १९४५ पासूनचं, तिथे अर्ज करायचा म्हणते. चार वर्षांचा कोर्स, शेवटी डॉक्टर ऑफ कायरोप्रॅक्टिक म्हणजे डीसी. भावोजींचं म्हणणं की एवढा पैसा घालून पोरीने हाडं कटकन वाजवायला शिकायचं का. ताई म्हणते शिकू दे, पण उद्या लग्न होऊन किंवा आमच्या म्हातारपणासाठी परत आली तर इथे बोर्ड कुठल्या नावाने लावणार?

मी माझ्या परीने शोधाशोध केली. भारतात कायरोप्रॅक्टिकची वेगळी कौन्सिल नाही. आयुषमध्ये आयुर्वेद, योग आणि निसर्गोपचार, युनानी, सिद्ध, सोवा-रिग्पा, होमिओपॅथी एवढं येतं, कायरोप्रॅक्टिक त्यात नाही. एमबीबीएसच्या रजिस्टरमध्ये यायचा तर प्रश्नच नाही. मग बांद्रा, पवई, ठाण्याला बोर्ड दिसतात ती मंडळी नक्की कशावर बसलेली असतात? आणि बाहेर चार वर्षं असं काय शिकवतात जे आपल्या फिजिओला येत नाही? कुणी त्या क्षेत्रातलं असेल तर प्लीज सविस्तर लिहा, मुलगी हुशार आहे, मेहनती आहे, तिचं नुसतं स्वप्न म्हणून उडवून लावायचं नाहीये.

गिरगावकर_नाना

कायरोप्रॅक्टिक वगैरे आम्हाला माहीत नव्हतं पण पाठीत उसण भरली की चाळीतल्या पायाळू माणसाला बोलवायचे आणि तो पाठीवर पाय द्यायचा, हे आमच्या पिढीतल्या सगळ्यांनी पाहिलंय. पायाळू मूल जन्माला आलं की आज्या म्हणायच्या आता शेजारपाजारची सोय झाली.

हाडवैद्यही होते. आमच्याकडे एक यायचे ते गिरणीतून रिटायर झालेले, लचक भरली, खांदा निखळला की त्यांच्याकडे. त्यांची एक गोष्ट मला आजही मोठी वाटते. ताप असलेल्या माणसाला ते हात लावायचे नाहीत. कितीही विनवण्या करा, "आधी डॉक्टरला दाखवून या" एवढंच. शिक्षण चौथी-पाचवी असेल. हे त्यांना कुणी शिकवलं देव जाणे, पण पाळायचे. आताच्या रीलवाल्यांत मला ते दिसत नाही.

फिजिओ_सायली

नाना, तुमचे ते हाडवैद्य बरोबर होते, आणि का बरोबर होते तेच मला सांगायचंय. लांब होईल पोस्ट, सांभाळून घ्या. मी म्युनिसिपल हॉस्पिटलच्या फिजिओ ओपीडीत काम करते.

मागे एक गडी आला होता, चाळिशीचा, भाऊच्या धक्क्याकडे ओझी उचलणारा. कंबर धरलीय म्हणाला. त्याआधी कुणीतरी त्याचा मणका "बसवून" दिला होता, एकदा नाही दोनदा, आणि दुखणं वाढतच गेलं होतं. शर्ट वर करायला लावला, मानेपासून एकेका मणक्यावरून बोट खाली नेत गेले तर पाठीच्या मध्याच्या जरा खाली एक टोक बाहेर आलेलं लागलं. तिथे मुठीने हलकंच ठोकलं, तो एवढा दचकला की टेबलावरून पुढे सरकला. संध्याकाळी अंग गरम होतं का विचारलं. तो नाही म्हणाला, बायको मागून म्हणाली रोज होतं, आणि पँट बघा, नाडीने बांधतो आता, कमरेवर राहतच नाही. तिथेच मी हात काढून घेतला. ऑर्थोला पाठवला, एमआरआय झाला, मणक्याचा टीबी. हाड आतून पोखरलेलं होतं. अशा मणक्यावर झटका देणं म्हणजे पाय कायमचे जाऊ शकतात. गोळ्या वेळेत सुरू झाल्या म्हणून माणूस चालत घरी गेला.

तर माधवीताई, आपल्या शहरात पाठदुखी म्हणजे नेहमी स्नायूच असं नसतं. टीबी आहे, साठीच्या बायकांमध्ये हाडं ठिसूळ झालेली आहेत, कुठेतरी कॅन्सर होऊन मणक्यात उतरलेला असतो. लघवी कळेनाशी झाली, बसायच्या जागी बधिरपणा आला, पाऊल उचलता येत नाही, ही लक्षणं असतील तर थेट कॅज्युअल्टी, त्या दिवशीच. हे ओळखायला शिकणं हे खरं शिक्षण. झटका द्यायला हाताला वळण लागतं, ते वर्षा-दोन वर्षांत लागतं. कुणाला द्यायचा नाही हे कळायला अॅनाटमी, पॅथॉलॉजी, रेडिओलॉजी आणि खूप पेशंट बघावे लागतात.

आणि फिजिओला येत नाही असं नाही हं. मॅन्युअल थेरपीत आम्हीही शिकतो. ऑस्ट्रेलियाच्या मेटलंडच्या पद्धतीत चार ग्रेड हळूहळू हलवण्याच्या असतात, पाचवी ग्रेड म्हणजे छोटा पण जलद झटका, तोच तो. न्यूझीलंडचे मॅकेन्झी आणि मलिगन यांच्याही पद्धती आहेत. तिला हाताचंच काम आवडत असेल तर इथे दोन वर्षांची एमपीटीएच, म्हणजे फिजिओची मास्टर्स, मस्क्युलोस्केलेटलमध्ये (हाडं-स्नायू-सांधे) आहे. पण सरळ सांगते, पदवीच्या वर्षांत आम्हाला या झटक्याचा सराव फार थोडा मिळतो. बाहेर तो वर्षानुवर्षं देखरेखीखाली करून घेतात, हे मान्य करायला हवं.

दीपा_डोंबिवली

+१ सायली. रोज फास्ट लोकलला उभं राहून पाठीचा पार भुगा झालाय, मीही रील बघून एका ठिकाणी जायच्या बेतात होते. एक प्रश्न, तो कट्ट आवाज येतो तो हाड जागेवर बसल्याचा असतो का?

फिजिओ_सायली

नाही. सांध्याच्या पिशवीत द्रव असतो, सांधा एकदम ताणला की आतला दाब कमी होऊन त्यात वायूची पोकळी तयार होते, त्याचा आवाज. सोड्याची बाटली उघडतो तसं साधारण. म्हणूनच बोट एकदा मोडलं की लगेच पुन्हा मोडत नाही. आवाज आला म्हणून बरं वाटेल आणि नाही आला म्हणून वाया गेलं, असं काही नसतं. हाड सरकलेलंच नसतं तर बसणार काय.

अमित_न्यूजर्सी

मूळचा दादरचा, इथे न्यू जर्सीत कायरोप्रॅक्टर आहे, डीसी. धागा बहिणीने पाठवला. सायलीने लिहिलंय त्यातल्या जवळपास सगळ्याशी सहमत आहे. माझ्या बाजूने प्रशिक्षणाचं सांगतो कारण मूळ प्रश्न तो आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने २००५ साली कायरोप्रॅक्टिकच्या मूलभूत प्रशिक्षणाची आणि सुरक्षिततेची मार्गदर्शक तत्त्वं काढली. आधी वैद्यकीय शिक्षण नसलेल्यासाठी त्यात किमान ४२०० तास आहेत, चार वर्षं पूर्णवेळ, त्यातले किमान १००० तास देखरेखीखाली प्रत्यक्ष पेशंटवर. अमेरिकेत प्रवेशाआधी साधारण तीन वर्षांचं कॉलेज लागतं. मग डिसेक्शन, न्यूरॉलॉजी, एक्स-रे वाचणं, लॅब रिपोर्ट, ऑर्थो तपासणी. नॅशनल बोर्डच्या परीक्षा टप्प्याटप्प्याने, चार भाग, शेवटचा प्रात्यक्षिक असतो, खोटे पेशंट बसवलेले असतात आणि तुम्ही काय विचारता, काय तपासता हे बघतात. एवढं झालं तरी लायसन्स राज्य देतं. राज्याराज्यात हद्द वेगळी. ओरेगॉनमध्ये कायरोप्रॅक्टरला किरकोळ शस्त्रक्रिया करता येते, बहुतेक ठिकाणी नाही. लायसन्स टिकवायला ठरावीक काळाने शिक्षणाचे तास भरावे लागतात, तक्रार आली की बोर्ड बोलावतं, लायसन्स काढूनही घेतं.

हातांचं शिक्षण कसं असतं ते थोडं सांगतो. सुरुवातीला आम्हाला कागदाखाली केस ठेवून तो बोटाने शोधायला लावायचे. एक कागद, मग दोन, मग वाढवत न्यायचं. डोळे मिटून. आधी काहीच लागत नाही आणि चिडचिड होते, मग हळूहळू बोटाचा दाब कमी केला की जास्त कळतं हे समजतं. नवशिके सगळे जोरात दाबतात. टोरंटोच्या कॉलेजात तर फोर्स मोजणारं टेबल आहे, तुम्ही पुतळ्यावर झटका दिला की स्क्रीनवर रेषा उमटते, किती जोर, किती वेगात, आधी किती दाब धरला होता. गुरुजींना वाटलं म्हणून पास असं नाही. त्या मुलीला हे फार आवडेल.

इतिहासही तिने नीट वाचून जावं. डॅनिएल डेव्हिड पामर यांनी १८९५ साली आयोवातल्या डेव्हनपोर्टला पहिली अॅडजस्टमेंट, म्हणजे मणक्याला झटका देऊन उपचार, केली, हार्वी लिलार्ड नावाच्या सफाई कामगाराची, आणि त्याला परत ऐकू यायला लागलं असं सांगितलं जातं. त्या गोष्टीवर आज कुणी दुकान उभं करू नये. पुढे विनापरवाना वैद्यकी केली म्हणून पामरना १९०६ साली तुरुंगात जावं लागलं. कॅन्ससने १९१३ साली पहिला लायसन्सचा कायदा केला आणि लुईझियाना सगळ्यात शेवटी, १९७४ साली. म्हणजे अमेरिकेत सगळीकडे मान्यता मिळायला साठ वर्षं गेली. त्यातही अमेरिकन मेडिकल असोसिएशनने कायरोप्रॅक्टर्सवर बहिष्कार टाकला होता, १९७६ ला काही कायरोप्रॅक्टर कोर्टात गेले आणि १९८७ साली निकाल त्यांच्या बाजूने लागला. भारत आज त्या वाटेच्या सुरुवातीलाही नाहीये. म्हणून परत यायचा विचार असेल तर तिने हे डोळे उघडे ठेवून ठरवावं. इथे मी कायद्याने डॉक्टर लिहितो. दादरला येऊन डॉक्टर लिहिलं तर लोक एमबीबीएस समजतील, आणि तो समज करून देणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही.

ठाण्याचा_निखिल

माझ्या धाकट्या भावाचं सांगतो. मान आखडली म्हणून एका वेलनेस सेंटरला गेला, नाव लिहीत नाही. आधी काउंटरवर पॅकेज, पैसे आगाऊ, मग आत. कुणी काही विचारलं नाही, रिपोर्ट बघितला नाही, मानेत पट्टा अडकवून मागे खेचली. दुसऱ्या दिवसापासून उजव्या हाताला मुंग्या, दोन बोटं बधिर. न्यूरोसर्जनकडे गेलो तेव्हा कळलं मानेतली डिस्क आधीच सरकलेली होती. सुदैवाने ऑपरेशन न करता सुधारला पण बरेच महिने गेले, तबला वाजवायचा तो, बंद झाला होता. सेंटरवर विचारायला गेलो तर म्हणाले आमचं लायसन्स बघा, भिंतीवर फ्रेम. जवळ जाऊन वाचलं तर ते गुमास्ता. दुकानाचं लायसन्स! राग अजून गेलेला नाही माझा.

अॅड_प्रशांत_बोरिवली

निखिल, भावाला बरं वाटतंय हे वाचून हायसं वाटलं. कायद्याचं थोडं लिहितो, सगळ्यांच्या उपयोगी पडेल.

गुमास्ता म्हणजे दुकाने व आस्थापना कायद्याखालची नोंद. त्यात आत बसलेल्या माणसाला शरीरशास्त्र येतं की नाही याच्याशी काहीही संबंध नाही. सलूनलाही तेच, मोबाइलच्या दुकानालाही तेच. महाराष्ट्रात वैद्यकीय व्यवसायासाठी रजिस्टर वेगवेगळी आहेत. एमबीबीएस आणि पुढचे महाराष्ट्र मेडिकल कौन्सिलकडे, बीएएमएस महाराष्ट्र कौन्सिल ऑफ इंडियन मेडिसिनकडे, होमिओपॅथी त्यांच्या कौन्सिलकडे, आणि फिजिओ-ऑक्युपेशनलवाल्यांची ओटीपीटी कौन्सिल, तिचा कायदा २००२ चा. रजिस्टरमध्ये नाव नसताना वैद्यकी केली तर महाराष्ट्र वैद्यक व्यवसायी अधिनियम १९६१ चं कलम ३३ लागतं, बोगस डॉक्टरांवर पोलिस हेच लावतात. अडचण अशी की सेंटरवाले म्हणतात आम्ही उपचार करत नाही, रिलॅक्सेशन देतो. म्हणून पावती, व्हॉट्सअॅपवरचे मेसेज, जाहिरातीचा स्क्रीनशॉट जपून ठेवा. जाहिरातीत "सायटिका बरा करतो" लिहिलंय आणि पावतीवर "स्पा" लिहिलंय, ही विसंगती फार कामाला येते.

ग्राहक आयोगाचा रस्ता मोकळा आहे. वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्यात येते हे सुप्रीम कोर्टाने १९९५ साली शांता केसमध्ये स्पष्ट केलंय, आणि स्पाची तर साधी पैसे घेऊन दिलेली सेवा, तीही येतेच. दिलेली रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर तक्रारीची फी लागत नाही. मुदत दोन वर्षांची. वकील हवाच असं नाही. शिवाय सुप्रीम कोर्टाने १९९६ साली होमिओपॅथी डॉक्टरने अॅलोपॅथीची औषधं दिल्याच्या केसमध्ये म्हटलंय की जी पद्धत आपण शिकलोच नाही तिने उपचार करणं हाच मुळात निष्काळजीपणा. मानेला पट्टा लावून ओढणाऱ्यांनी तो निकाल वाचावा.

माधवीताई, तुमच्या भाचीपुरतं सांगायचं तर तिने ओटीपीटी कौन्सिलची नोंदणी हातची घालवू नये. परत आली तर तीच तिच्या पायाखालची जमीन.

वैद्य_स्नेहल

मी बीएएमएस, साडेपाच वर्षं, त्यानंतर केरळात पंचकर्म. शीर्षकात नाही पण सगळ्या जाहिरातीत "होलिस्टिक" हा शब्द असतो त्यावर लिहायचंय, कारण माझ्याही बोर्डवर लोक तो शोधतात.

माझ्याकडे बदलापूरच्या एक बाई येतात, बँकेत आहेत. कंबर. सगळीकडे करून झालं होतं, एमआरआयमध्ये वयानुसार जे असतं तेच. कटिबस्ती, म्हणजे कमरेवर कोमट तेल धरून ठेवायचा उपचार, केली, आराम पडायचा, आठवड्यात परत तेच. मग एक दिवस त्यांना म्हटलं उठल्यापासून सांगा. साडेचारला उठणं, पाणी यायच्या आत भरणं, दोन डबे, सासूबाईंचं सगळं अंथरुणात, सहाची गाडी, जाताना कल्याणपर्यंत दोन्ही खांद्यांवर माणसं. लघवीला जावं लागू नये म्हणून सकाळपासून पाणीच प्यायच्या नाहीत. झोप जेमतेम पाच तास. मी औषध बदललं नाही. नवऱ्याला बोलावून घेतलं आणि पाणी भरणं, सासूबाईंना उचलून बसवणं त्यांच्याकडे दिलं, उचलायचं कसं ते दाखवलं. बाईंना रोज वीस मिनिटं चालायला लावलं, बँकेत उतरल्यावर. फरक त्यातून पडला. मी याला होलिस्टिक म्हणते. झटका, तेल, सप्लिमेंटचा डबा आणि क्रिस्टल एकाच बिलात घातले म्हणजे होत नाही.

अॅलोपॅथीतही हा विचार आहेच. जॉर्ज एंगल यांनी १९७७ साली जैव-मनो-सामाजिक मॉडेल मांडलं, शरीर, मन आणि घरदार एकत्र बघा म्हणून. पाठदुखीत आज सगळे तेच सांगतात. वेळ लागतो हीच खरी अडचण, म्युनिसिपल ओपीडीत सायलीला तेवढा वेळ मिळतो का?

फिजिओ_सायली

नाही मिळत. सोमवारी तर पेशंटचं नाव नीट ऐकू यायच्या आत पुढचा केसपेपर टेबलावर येतो. म्हणूनच लोक बाहेर जातात ना. बाहेर कुणीतरी अर्धा तास ऐकून घेतं, पाठीवर हात ठेवतं, त्यानेच निम्मं बरं वाटतं, यात पेशंटची काही चूक नाही. मला कायरोप्रॅक्टिकवाल्यांकडून हे शिकावंसं वाटतं, पण आमची खुर्ची वाढवून कोण देणार.

अमितदादा, एक मात्र विचारायचंय. मानेचं काय? मी मानेला पाचवी ग्रेड करत नाही, मला भीती वाटते. मागच्या बाजूने मेंदूकडे जाणारी धमनी फाटून स्ट्रोक आल्याच्या केसेस छापून आलेल्या आहेत. आणि "सबलक्सेशन", म्हणजे त्यांच्या मते मणक्यात आलेला अडथळा, काढलं की दमा, कानाचं इन्फेक्शन, बीपी सगळं बरं होतं असं अजूनही काही जण सांगतात, ते तुमच्याकडे कसं चालतं?

अमित_न्यूजर्सी

चालू देऊ नये असं माझं मत आहे, आणि ते मी माझ्याच लोकांच्या बैठकीत बोलतो. पामर यांना वाटायचं शरीरात एक उपजत शहाणपण आहे आणि मणक्यात अडथळा आला की ते अडतं. तेव्हापासून आमच्यात दोन तट आहेत, एक त्या तत्त्वाला धरून बसलेला, दुसरा पुराव्यावर चालणारा. मी दुसऱ्यात. दमा, बीपी, बाळाचं पोट दुखणं यासाठी कुणी माझ्याकडे आलं तर मी त्यांच्या डॉक्टरकडे पाठवतो. कंबरदुखीचं मात्र ठामपणे सांगतो. अमेरिकन कॉलेज ऑफ फिजिशियन्सने २०१७ साली पाठदुखीला गोळ्यांच्या आधी करायच्या गोष्टींत व्यायाम, मसाज वगैरेंच्या बरोबरीने मणक्याचं मॅनिप्युलेशन, म्हणजे हाच झटका, घेतलंय. २०१९ ला ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये ४७ चाचण्यांचा आढावा आला, जुनाट कंबरदुखीत याचा गुण इतर शिफारस केलेल्या उपचारांइतकाच येतो असं त्यात निघालं. म्हणजे चमत्कार नाही, पण थोतांडही नाही. ब्रिटनमध्ये व्यायामासोबत द्या, एकटं देऊ नका असं सांगतात, मला तेच योग्य वाटतं.

मानेबद्दल. दुर्मिळ आहे पण झालं तर भयंकर आहे. २००८ साली ओंटारियोतल्या कॅसिडी यांच्या अभ्यासात दिसलं की अशा स्ट्रोकआधी लोक कायरोप्रॅक्टरकडे गेलेले असतात तसेच फॅमिली डॉक्टरकडेही गेलेले असतात, कारण धमनी आधीच फाटायला लागलेली असते आणि मान दुखते, डोकं दुखतं म्हणूनच माणूस येतो. यावरून वाद अजून चालू आहे.

फिजिओ_सायली

पण दादा, मग तर उलट जास्त काळजी हवी. धमनी आधीच फाटलेला माणूस माझ्यासमोर येऊन बसणार असेल तर त्याला ओळखणं हेच माझं काम झालं. कधी नव्हे असं डोकं दुखतंय, चक्कर, एकाचे दोन दिसतात, बोलताना जीभ जड, हे विचारल्याशिवाय मान धरायचीच नाही.

अमित_न्यूजर्सी

शंभर टक्के. मी विचारतो, लिहून घेतो, सही घेतो, आणि जरा शंका आली तर हात लावत नाही. मानेचा झटका न देताही खूप काही करता येतं. खरं सांगू का, डेन्मार्कचा रस्ता मला सगळ्यात चांगला वाटतो. ओडेन्सच्या विद्यापीठात १९९४ पासून कायरोप्रॅक्टिकची मुलं पहिली वर्षं मेडिकलच्या मुलांबरोबर एकाच वर्गात शिकतात. पुढे आयुष्यभर एकमेकांना फोन करायला संकोच वाटत नाही. आपल्याकडे फिजिओ, वैद्य, ऑर्थो, सगळे एका बिल्डिंगमध्ये बसतात आणि एकमेकांचं नाव घेत नाहीत.

गिरगावकर_नाना

वाचतोय. पिंपळाखाली बसणाऱ्या आमच्या हाडवैद्यांनी हा धागा ऐकला असता तर फार खूष झाले असते. सौ.ची कंबर दुखते, वय ७१, तिला कुणाकडे न्यावं का?

फिजिओ_सायली

नाना, आधी हाडांची घनता बघणारी डेक्सा टेस्ट आणि ड जीवनसत्त्व करून घ्या, मग फिजिओ. काकूंना झटका कुणालाही देऊ देऊ नका. उंची कमी झाल्यासारखी किंवा पोक आल्यासारखं वाटत असेल तर तेही डॉक्टरांना सांगा.

माधवी_मुलुंड

सगळ्यांचे मनापासून आभार, एवढं कुणी समजावून सांगेल असं वाटलं नव्हतं. काल भाची, ताई, भावोजी सगळे बसून वाचलं. तिने स्वतःच ठरवलंय की इंटर्नशिप पूर्ण करून ओटीपीटीची नोंदणी आधी घ्यायची, वर्षभर तरी ओपीडीत काम करायचं आणि मग टोरंटोला अर्ज. भावोजी सायलीताईंच्या त्या धक्क्यावरच्या पेशंटची गोष्ट वाचून गप्प झाले, मग म्हणाले हे शिकणार असशील तर जा. फक्त खर्चाचं त्यांचं म्हणणं आहे की मलेशियात हा कोर्स आहे म्हणतात, जवळ पडेल, तो कसा?

अमित_न्यूजर्सी

क्वालालंपूरला आयएमयू नावाच्या विद्यापीठात आहे, चार वर्षांचा. मलेशियाने २०१६ साली पारंपरिक आणि पूरक वैद्यकाचा कायदा केला, कायरोप्रॅक्टिक त्यात येतं, म्हणजे तिथे नोंदणीची सोय आहे. पण अर्ज करायच्या आधी तिला एवढंच विचारायला सांगा की जिथे पुढे काम करायचं त्या देशाचं बोर्ड ही डिग्री धरतं का, आणि उत्तर ईमेलवर लेखी घ्यायला सांगा, एजंटच्या तोंडी नको. कॅनडात राहायचं असेल तर तिथली बोर्डाची परीक्षा आणि मग प्रांताच्या कॉलेजची (तिथे व्यवसायाच्या नियामक मंडळाला कॉलेज म्हणतात) नोंदणी, ओंटारियोत कायरोप्रॅक्टिकचा कायदा १९९१ चा आहे. ओंटारियोच्या सरकारी विम्यातून हे २००४ ला काढलंय, पेशंट स्वतःच्या किंवा कंपनीच्या विम्यातून पैसे देतो, हेही हिशेबात धरा. बीपीटीएचच्या मार्कशीटचं मूल्यमापन करून घ्यावं लागतं, त्याला वेळ जातो, ते आत्ताच सुरू करा.

फिजिओ_सायली

आणि इंटर्नशिपमध्ये पाठ-मानेचे पेशंट भरपूर बघायचे असतील तर तिला आमच्याकडे एक सोमवार येऊन बसू दे, मी मॅडमची परवानगी काढते. मला मेसेज कर म्हणावं. केसपेपरची खिडकी उघडायच्या आत पोच, नंतर आत यायलाही जागा नसते.